चित्र लहान होते तेव्हा

प्रस्तावना

छत्तीसगडमध्ये सरकारी कामांचे आणि परीक्षांचे अर्ज संगणकावर भरून देणाऱ्या केंद्रांना लोक ‘च्वाइस सेंटर’ म्हणतात. भिलाईतील सुपेला, पॉवर हाउस अशा बाजारपेठांत परीक्षांच्या हंगामात या केंद्रांसमोर उमेदवारांची रांग लागते. नाव, जन्मतारीख, पत्ता हे सारे सुरळीत भरले जाते आणि काम छायाचित्रापाशी अडते. ‘छायाचित्र ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठे आहे’ असा लाल अक्षरांतील मजकूर पडद्यावर उमटतो. केंद्रचालक दोन-चार कळा दाबतो, तेच छायाचित्र पुन्हा जोडतो, आणि या वेळी अर्ज ते मुकाट्याने स्वीकारतो. उमेदवाराच्या दृष्टीने काम झाले. चेहरा तोच, कपडे तेच, पार्श्वभूमीही तीच. मग त्या दोन-चार कळांनी नेमके काय बदलले? आणि जे बदलले, ते पुन्हा पूर्ववत करता येते का?

संगणक आणि मोबाइल संच चित्रांचा आकार आपोआप कसा बदलतात, तो बदलण्याची गरज का निर्माण झाली आणि त्यात काय हाती राहते व काय निसटते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

मूळ पाठ

एक प्रसंग कल्पून पाहू. भिलाईच्या एका सेक्टरमध्ये एक मराठी कुटुंब राहते. घरातील आजोबा तरुणपणी विदर्भातून पोलाद कारखान्यात नोकरीसाठी आले आणि १९९४ साली निवृत्त झाले. निवृत्तीच्या दिवशी खात्यातील सहकाऱ्यांबरोबर त्यांचे एक समूहचित्र काढले गेले. वीस जण खुर्च्यांवर, वीस जण मागे उभे, मधोमध हार घातलेले आजोबा. पुढे आजोबा वारले. भिंतीवरच्या चौकटीत वाळवी शिरली, तेव्हा नातवाने त्या छायाचित्राचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवले. काही महिन्यांनी मूळ कागद हाताळण्याजोगाही राहिला नाही.

याच घरातील सुनेने शाळा सुटल्यावर कित्येक वर्षांनी मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा द्यायचे ठरवले. अर्ज भरण्यासाठी ती तोच मोबाइल घेऊन केंद्रावर गेली. केंद्रचालकाने मोबाइल संगणकाला जोडला. एकच छायाचित्र निवडण्याऐवजी त्याने घाईत सगळ्या छायाचित्रांना एकच आज्ञा दिली: रुंदी ८०० पिक्सेल करा आणि त्याच नावाने, त्याच जागी साठवा. मग त्यांतील सुनेचे छायाचित्र कापून त्याने अर्जाला जोडले. अर्ज भरला गेला, पावती मिळाली. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने आजोबांचे समूहचित्र मोठे करून भिंतीवर लावावे असे घरात ठरले, तेव्हा काय घडले आहे ते कळले. छायाचित्र मोबाइलमध्ये होते. पण मोठे करू जाता चाळीस चेहऱ्यांच्या जागी चाळीस पुसट ठिपके दिसू लागले.

हे का घडले, ते समजण्यासाठी पडद्यावरील चित्र कशाचे बनलेले असते ते पाहावे लागेल.

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे छायाचित्र हे असंख्य लहान चौकोनांचे जाळे असते. प्रत्येक चौकोनाला एकच रंग असतो. या चौकोनाला पिक्सेल किंवा चित्रबिंदू म्हणतात. रांगोळी घालताना आधी ठिपक्यांचे जाळे काढतात, तशी ही रचना असते. फरक एवढाच की येथे ठिपके जोडणाऱ्या रेषा नसतात. रेषा म्हणून जे दिसते तेही ठिपकेच असतात. छायाचित्र ‘४००० बाय ३०००’ आहे असे म्हणतात तेव्हा त्यात आडव्या ओळीत ४००० आणि उभ्या ओळीत ३००० पिक्सेल असतात. म्हणजे एकूण १ कोटी २० लाख. नातवाने घेतलेले छायाचित्र याच मापाचे होते असे धरू.

छायाचित्राला अंकांचे रूप देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९५७ साली अमेरिकेत झाला. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार भिलाईत पोलाद कारखान्याची उभारणी चालू होती, तेच हे वर्ष. तेथील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र यंत्राकरवी टिपून संगणकात उतरवले. त्या चित्रात १७६ बाय १७६, म्हणजे अवघे ३०,९७६ पिक्सेल होते. संगणकाची स्मृती त्याहून अधिक सांभाळण्यास समर्थ नव्हती. आज खिशातला मोबाइल एका क्षणात त्याच्या कित्येक शेपट पिक्सेल टिपतो, आणि अडचण उलट्या बाजूने सुरू होते.

आता समूहचित्राकडे वळू. ४००० पिक्सेल रुंदीचे चित्र ८०० पिक्सेलचे करायचे, म्हणजे रुंदी एक पंचमांश आणि उंचीही एक पंचमांश करायची. पाच गुणिले पाच, म्हणजे जुन्या २५ पिक्सेलांच्या जागी नवा एकच पिक्सेल येणार. त्याला कोणता रंग द्यायचा? यंत्राला हा निर्णय चित्रभर घ्यावा लागतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे २५ पैकी एकाला निवडायचे आणि २४ टाकून द्यायचे. काम झटपट होते, पण वीजेची तार, केसांची बट, लुगड्याचा बारीक काठ अशा गोष्टी निवडीतून सुटल्या की चित्रातून नाहीशाच होतात किंवा तुटक तुटक दिसतात. दुसरा मार्ग सरासरीचा. पंचवीसही पिक्सेलांच्या रंगांचे अंक घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि ती नव्या पिक्सेलला द्यायची. हे चित्र मऊ आणि डोळ्यांना सुखद दिसते. अधिक चांगल्या पद्धतींत शेजारच्या पिक्सेलांनाही कमीअधिक महत्त्व देऊन हिशेब केला जातो. पण मूळ कल्पना सरासरीचीच.

सरासरीत एक गोष्ट हरवते. चार घरांनी गणेशोत्सवाला १०, २०, ५० आणि १२० रुपये वर्गणी दिली, तर सरासरी ५० रुपये येते. हिशेब बरोबर आहे. परंतु वहीत फक्त ‘सरासरी ५०’ एवढेच लिहून मूळ पान फाडून टाकले, तर कोणत्या घराने किती दिले हे कोणताही हिशेबनीस सांगू शकणार नाही. चारही घरांनी पन्नास-पन्नास दिले असते, तरी सरासरी तीच आली असती. लहान केलेल्या चित्राचे असेच होते. समूहचित्रात आजोबांचा चेहरा साधारण १०० पिक्सेल रुंद आणि १२५ पिक्सेल उंच असेल, तर त्यात १२,५०० पिक्सेल होते. लहान प्रतीत त्याच चेहऱ्याच्या वाट्याला २० बाय २५, म्हणजे फक्त ५०० पिक्सेल आले. चष्म्याची काडी, मिशीची ठेवण, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या या ५०० चौकोनांत मावत नाहीत.

भिलाईकरांना या संदर्भात कारखान्यातील रूळ-गिरणी आठवेल. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि पुढे भारतीय रेल्वेच्या रुळांचा फार मोठा भाग येथूनच पुरवला गेला. लालबुंद तापलेला पोलादाचा ठोकळा रुळांच्या दाबाखालून पुन्हा पुन्हा जातो, तेव्हा त्याचा आकार पार बदलतो: जाडी घटते, लांबी वाढते. पण पोलाद बहुतेक तेवढेच राहते. टोके कापली, तरी ते तुकडे भंगार म्हणून परत भट्टीत जातात. चित्र लहान करण्याच्या क्रियेला अशी भट्टी नाही. तेथे कापलेला भाग कोठेही जमा होत नाही.

पाठगत प्रश्न: ३००० बाय २००० पिक्सेलांचे छायाचित्र ६०० बाय ४०० करताना मूळचे किती पिक्सेल मिळून नवा एक पिक्सेल तयार होईल? सरासरीवरून मूळ अंक का काढता येत नाहीत, हे स्वतःच्या अनुभवातील उदाहरण घेऊन लिहा.

चित्रे लहान करण्याची खटपट संगणकापूर्वीही होतीच. वृत्तपत्रात छायाचित्र छापायचे, तर त्याचा धातूवर ‘ब्लॉक’ बनवावा लागे. बारीक जाळीतून छायाचित्राची प्रतिमा घेऊन तिचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करीत. जेथे छाया गडद तेथे ठिपका मोठा, जेथे उजेड तेथे लहान. खरखरीत वृत्तपत्री कागदासाठी जाळी विरळ, इंचाला ६५ किंवा ८५ ओळींची. गुळगुळीत आर्ट पेपरसाठी १३३ किंवा १५० ओळींची. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके याच व्यवसायात होते. लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी काम केले आणि नंतर ठसे व छपाईचा स्वतःचा कारखाना काढला. त्या काळी चित्र एक कॉलमी छापायचे की दोन कॉलमी, त्याचा कोणता भाग ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हे संपादक खात्यातील माणूस ठरवी. तो छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने खुणा करी. छायाचित्र ब्लॉकवाल्याकडून परत येई आणि पाकिटात घालून कपाटात ठेवले जाई. ब्लॉक कितीही लहान बनला, तरी मूळ छायाचित्राला धक्का लागत नसे. संगणकाने ही सारी कामे क्षणार्धात होऊ लागली, पण पाकीट आणि कपाट यांची सवय मात्र मागे पडली.

आकार आपोआप बदलण्याची गरज निर्माण झाली ती पडद्यांमुळे. १९८७ साली आलेल्या एका प्रचलित मानकात पडदा ६४० बाय ४८० पिक्सेलांचा होता. पुढे ८०० बाय ६०० आणि १०२४ बाय ७६८ हे आकार घरोघरी आले. त्या पडद्यावर १६०० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र उघडले, तर त्याचा एक कोपराच दिसे. बाकीचे पाहण्यासाठी खालची पट्टी सरकवत बसावे लागे, आणि चित्राच्या रुंदीने शेजारचा मजकूरही पडद्याबाहेर ढकलला जाई. एकेक ओळ वाचण्यासाठी पान डावीउजवीकडे सरकवण्याचा त्रास ज्यांनी सोसला आहे, ते तो विसरणार नाहीत.

दुसरी अडचण वेळेची. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढची काही वर्षे घरोघरची जोडणी दूरध्वनीच्या तारेवरूनच होत असे. सेकंदाला ५६,००० बिट हा त्या जोडणीचा कमाल वेग. प्रत्यक्षात तोही क्वचितच मिळे. ३० लाख बाइटचे, म्हणजे २ कोटी ४० लाख बिटांचे छायाचित्र त्या वेगाने उतरण्यास सात मिनिटांहून अधिक वेळ लागे. तेच चित्र ६० हजार बाइटचे करून ठेवले, तर नऊ सेकंद पुरत. तेव्हा चित्रे लहान करणे ही सोय नव्हती, निकड होती.

दर वेळी माणसाने हे काम करावे हे शक्य नव्हते. म्हणून आज्ञावलींनी ते अंगावर घेतले. इमेजमॅजिक ही आज्ञावली १९९० साली सर्वांसाठी खुली झाली आणि १९९४ साली थॉमस बूटेल यांनी जीडी नावाचा आज्ञासंग्रह तयार केला. अशा साधनांच्या आधारे पाठवलेले चित्र येताक्षणीच मोजले जाऊ लागले. ठरलेल्या रुंदीपेक्षा मोठे असेल, तर त्याची लहान प्रत बनवायची आणि वाचकाला तीच दाखवायची. त्याने तिच्यावर कळ दाबली, तरच मूळ चित्र उघडायचे. ही पद्धत चांगली होती, कारण तिच्यात मूळ चित्र जागेवर राहत असे. जागा वाचवण्यासाठी काहींनी मूळ चित्र पुसून फक्त लहान प्रत ठेवली. त्यांनी काय गमावले ते पुढे पडदे मोठे झाल्यावर कळले. ८०० पिक्सेलच्या पडद्याला पुरून उरणारे चित्र १९२० पिक्सेलच्या पडद्यावर तिकिटाएवढे दिसू लागले.

दुसरा मार्ग असा की चित्र मूळचेच पाठवायचे आणि वाचकाच्या पडद्याने ते आपल्या मापात दाखवायचे. यात चित्र दिसते लहान, पण वाटेने येते पूर्ण वजनानिशी. मोबाइलवर पाने वाचणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा हा प्रश्न नव्याने उभा राहिला. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट या अमेरिकी रचनाकाराने एका लेखात अशी कल्पना मांडली की एकच पान पडद्याच्या रुंदीनुसार स्वतःची मांडणी बदलील आणि चित्रेही आपल्या चौकटीबाहेर जाणार नाहीत. त्यानंतर पानाच्या भाषेतच अशी सोय झाली की एका चित्राच्या तीन-चार मापांच्या प्रतींची यादी द्यायची आणि पडद्याची रुंदी पाहून वाचकाच्या यंत्राने त्यांतील योग्य ती मागून घ्यायची. शिंप्याकडे एकाच नमुन्याचे कपडे लहान, मध्यम, मोठ्या मापांत टांगलेले असावेत, तसे हे आहे.

सगळीच चित्रे या कापणीला सारखी दाद देत नाहीत. आकाश, भिंत, दूरचा डोंगर यांची चित्रे लहान केली तरी फारसे बिघडत नाही. पण भिलाईच्या मैत्रीबागेतील पिंजऱ्याचे गज किंवा बारीक चौकड्यांचे लुगडे यांचे चित्र लहान केले, तर कधीकधी त्यावर मूळात नसलेल्या लाटा उमटतात. गजांमधले अंतर आणि पिक्सेलांमधले अंतर यांचा मेळ बसत नाही आणि त्या विसंवादातून ही खोटी नक्षी जन्मते. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, त्यामागचे कारणही याच जातीचे आहे. म्हणून चांगल्या आज्ञावल्या लहान करण्याआधी चित्र किंचित धूसर करून घेतात. आधी धूसर करायचे म्हणजे चित्र स्पष्ट दिसते, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

याहून कठीण प्रश्न चौकट बदलताना येतो. आडवे चित्र चौरस जागेत बसवायचे असेल, तर काहीतरी कापावेच लागते. यंत्र सहसा मधला भाग ठेवते आणि दोन्ही कडा टाकते. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी पंडवानी देशोदेशी नेली. पंडवानी सादर करणाऱ्या कलावंताच्या हातातील तंबोरा म्हणजे कधी भीमाची गदा, तर कधी अर्जुनाचे धनुष्य असतो. कलावंताने तो बाजूला उंच उगारलेला असेल आणि यंत्राने फक्त मधला चौरस कापला, तर चेहरा राहतो आणि महाभारत चौकटीबाहेर जाते. २००७ साली शाई अविदान आणि एरियल शमीर या संशोधकांनी यावर एक चतुर उपाय सुचवला. चित्रातील कमी महत्त्वाच्या, म्हणजे ज्यांच्या आसपास फारसा बदल नाही अशा पिक्सेलांच्या नागमोडी ओळी शोधून त्या एकेक करून काढून टाकायच्या. माणसे तशीच राहतात, त्यांच्यामधले रिकामे अंतर कमी होते. निसर्गचित्राला हा उपाय शोभतो. न्यायालयात किंवा विम्याच्या दाव्यात पुरावा म्हणून द्यायच्या छायाचित्राला मात्र तो मुळीच चालणार नाही, कारण दोन वस्तूंमधले खरे अंतरच त्यातून नाहीसे होते.

महत्त्वाचे काय, हे यंत्राने ठरवायचे म्हटले की चुकाही यंत्राच्या नावे जमा होतात. ट्विटर या समाजमाध्यमावर चित्रातील लक्षवेधी भाग यंत्राने ओळखून तेवढाच दाखवण्याची पद्धत २०१८ पासून होती. त्यात गोऱ्या चेहऱ्यांना झुकते माप मिळते अशी तक्रार २०२० मध्ये वापरणाऱ्यांनी केली. कंपनीने स्वतः तपासणी केली, मे २०२१ मध्ये पक्षपात आढळल्याचे मान्य केले, आणि मोबाइलवर चित्रे मोठ्या प्रमाणावर न कापताच दाखवायला सुरुवात केली. कोठे कापायचे हा निर्णय माणसांकडेच असावा, असा त्या तपासणीचा निष्कर्ष होता.

पाठगत प्रश्न: मूळ चित्र ठेवून लहान प्रत दाखवणे आणि मूळ चित्र पुसून लहान प्रत ठेवणे, या दोन पद्धतींतील फरक लिहा. कोणत्या प्रकारच्या चित्रांतून नागमोडी ओळी काढून टाकणे योग्य ठरणार नाही?

आता अर्जाच्या छायाचित्राकडे परत येऊ. तेथे दोन वेगवेगळी मापे असतात आणि त्यांचा गोंधळ हेच बहुतेक अडचणींचे मूळ असते. एक माप पिक्सेलांचे आणि दुसरे किलोबाइटचे. बँकांच्या भरतीपरीक्षा घेणाऱ्या मुंबईच्या आयबीपीएस संस्थेच्या सूचनांत छायाचित्र २०० बाय २३० पिक्सेलांचे आणि २० ते ५० किलोबाइटचे, तर सही १४० बाय ६० पिक्सेलांची आणि १० ते २० किलोबाइटची असावी असे सांगितलेले असते. २०० गुणिले २३० म्हणजे ४६,००० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलचा रंग लिहायला तीन बाइट लागतात, म्हणजे १,३८,००० बाइट, सुमारे १३५ किलोबाइट. मग तेच चित्र ५० किलोबाइटच्या आत कसे बसते? जेपेग नावाच्या, १९९२ साली मान्य झालेल्या पद्धतीने. ती चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन करते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारीक फरक गाळून उरलेले थोडक्यात लिहून ठेवते. फार दाबले, तर ते चौकोन नुसत्या डोळ्यांनाही दिसू लागतात. अशा रीतीने पिक्सेल न घटवताही किलोबाइट कमी होतात. केंद्रावरील एखादा नवखा चालक नुसते पिक्सेल कमी करत जातो आणि चित्र २० किलोबाइटच्याही खाली घसरते. मग ते फार लहान आहे म्हणून अर्ज पुन्हा नाकारतो.

अर्जासाठी केलेली प्रत अर्जापुरतीच असते. पारपत्रासाठी वापरतात त्या ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या छापील छायाचित्राला इंचाला ३०० पिक्सेल या नेहमीच्या हिशेबाने ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात. २०० बाय २३० पिक्सेलांची प्रत तेवढी मोठी करून छापली, तर चेहरा पसरट आणि पुसट येतो. प्रवेशपत्रावरचे छायाचित्र ओळखू येत नाही म्हणून परीक्षाकेंद्राच्या दारात उमेदवाराला अडून राहावे लागते, त्याचे कारण कधीकधी एवढेच असते.

मग लहान झालेले चित्र यंत्राच्या साहाय्याने पुन्हा मोठे का करू नये? पिक्सेलांची संख्या वाढवता येते. शेजारच्या दोन रंगांच्या मधला रंग भरून यंत्र जागा भरते, पण नवी माहिती त्यात येत नाही. अलीकडच्या कृत्रिम बुद्धीच्या पद्धती याहून पुढे जातात. त्यांनी लाखो चेहरे पाहिलेले असतात, त्यामुळे पुसट ठिपक्यांच्या जागी त्या रेखीव डोळे, भुवया, ओठ काढून देतात. जून २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातील संशोधकांची अशीच एक पद्धत गाजली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांचे अगदी लहान केलेले चित्र तिला दिले असता तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा तयार केला. तो चेहरा स्पष्ट होता, जिवंत वाटत होता. फक्त तो ओबामांचा नव्हता. पन्नास रुपयांच्या सरासरीवरून यंत्राने चार घरांची वर्गणी स्वतःच्या अंदाजाने लिहून काढली, असेच हे झाले.

भिलाईच्या त्या घरात नातवाने हाही प्रयत्न करून पाहिला. यंत्राने आजोबांना नीटनेटके डोळे आणि तुकतुकीत गाल दिले. सासूबाईंनी पडदा जवळ घेऊन पाहिला आणि “हे कोण?” असे विचारले.

शोध घेता घेता एक गोष्ट आठवली. छायाचित्र प्रथम घेतले, त्या दिवशी ते नागपूरच्या आत्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र तेथेही वाटेतच लहान होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘एचडी’ हा पर्याय आला, तरी पाठवताना तो आठवणीने निवडावा लागे. ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडले असते, तर मूळ चित्र जसेच्या तसे गेले असते. आत्यांकडची प्रत १६०० पिक्सेल रुंद निघाली. बारा इंच रुंदीच्या चौकटीला इंचाला ३०० या हिशेबाने ३६०० पिक्सेल हवे होते. ते मूळ चित्रात होते, आता कोठेच नव्हते. घरात उरलेली ८०० पिक्सेलची प्रत बारा इंचांवर छापली असती, तर इंचाला अवघे ६६ पिक्सेल आले असते. आत्यांची प्रत सहा इंच रुंद छापली, तेव्हा इंचाला २६६ पिक्सेल आले आणि चेहरे ओळखू येऊ लागले. चष्म्याची काडी दिसते. मागच्या रांगेतील टोकाचे दोघे कोण, यावर घरात अजून एकमत झालेले नाही. भिंतीवर बारा इंचांची जुनी चौकट होती, तिच्या मध्यभागी पांढरा पुठ्ठा घालून सहा इंचांचे चित्र बसवले आहे.

स्वाध्याय

१. मोबाइलमधील कोणत्याही एका छायाचित्राचे ‘तपशील’ उघडा. त्याची रुंदी, उंची आणि किलोबाइट वहीत लिहा. इंचाला ३०० पिक्सेल धरून ते जास्तीत जास्त किती इंच रुंद छापता येईल, याचा हिशेब करा.

२. तेच छायाचित्र एका परिचिताला एकदा नेहमीच्या पद्धतीने आणि एकदा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याच्याकडे पोहोचलेल्या दोन्ही प्रतींची मापे विचारून घ्या आणि दोन्हींतील पिक्सेलांच्या संख्येत किती पट फरक पडला ते काढा.

३. ‘हे कोण?’ या सासूबाईंच्या प्रश्नामागील अर्थ आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. वृत्तपत्राच्या ब्लॉकसाठी छायाचित्रावर खुणा करणारा माणूस आणि चित्र आपोआप कापणारे यंत्र यांच्या कामातील साम्य व भेद लिहा.